कातडीला भिणाऱ्या खंडागळे सिस्टर

खंडागळे सिस्टर भित्र्या होत्या. हे मी त्यांच्या माघारी म्हणत नाही, त्या स्वतःच सगळ्यांना सांगायच्या. आम्ही मुकुंदवाडीत स्टेशनच्या अलीकडच्या इमारतीत राहायला आलो त्या दिवशी जिन्यात आमचं लोखंडी कपाट आडवं झालं होतं. वरून उतरणारी एक बारीक बाई, पांढऱ्या केसांचा घट्ट अंबाडा घातलेली, ते बघून झटकन मागं सरली आणि तिथूनच मला म्हणाली, "मी वत्सला खंडागळे. सरकारी दवाखान्यात सिस्टर होते, आता रिटायर झाले. तुमच्या समोरचंच दार माझं. मी लई भित्री हाय, आधीच सांगून ठेवते. बेल वाजवायच्या आधी आवाज देत जा. नुसती बेल वाजली की काळजात धस्स होतं."

नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगा पुण्याला नोकरीत. एकट्या राहायच्या. कुकर लावला की शिट्ट्या होईपर्यंत बाल्कनीत जाऊन उभ्या राहायच्या आणि तिथून मोजायच्या. वीज कडाडली की घराचा मेन स्विच बंद. लिफ्टमध्ये त्यांना कुणी कधी पाहिलं नाही. बाहेर जाताना कुलूप लावून, ओढून बघून, खाली उतरून पुन्हा वर येऊन ओढून बघायच्या. इमारतीतली पोरं त्यांची नक्कल करायची आणि त्या स्वतःच ती नक्कल बघून हसायच्या. "माझ्यापेक्षा झकास करतो की रे तू," असं म्हणायच्या.

एकदा मी त्यांना मोटारसायकलवर घेऊन पेन्शनच्या कामाला निघालो होतो. क्रांती चौक जवळ आला तशी त्यांनी माझ्या शर्टाची पाठ मुठीत धरली. "संतोष, थांब. मला उतरव."

"का हो, काय झालं?"

"काही झालं नाय. तू चौकातून गाडी घेऊन जा, मी चालत येते. पलीकडं थांब."

मी पलीकडं जाऊन थांबलो. त्या पर्स छातीशी धरून, गाड्यांना हात करत, चार माणसांच्या घोळक्याच्या आडोशानं रस्ता ओलांडून आल्या, पुन्हा मागं बसल्या आणि म्हणाल्या, "चल आता." मी हसून विचारलं, "सिस्टर, एवढी वर्षं ऑपरेशनच्या पेशंटांत काढली तुम्ही. तिथं कसं व्हायचं?"

"तिथंबी असंच. रोज भीत जायचे आणि रोज भीत यायचे."

त्यांच्या या भीतीमागं काहीतरी घडलेलं असणार असं सगळ्यांना वाटायचं. कुणी म्हणे लहानपणी विहिरीत पडल्या होत्या. कुणी म्हणे त्यांच्या हातून एक पेशंट गेला. माझ्या बायकोनं, माधुरीनं, एकदा सरळ विचारलंच. सिस्टर भाजी निवडत होत्या. त्या म्हणाल्या, "काही झालं नाय गं. काही व्हावंच लागतं का माणसाला भ्यायला?"

आता अक्काबद्दल सांगायला पाहिजे. अक्का म्हणजे माझी आई. गंगापूरकडच्या जमीनजुमल्याच्या घरातली. बोलण्यात दरारा. सांध्यांच्या दुखण्यासाठी वर्षानुवर्षं घेतलेल्या गोळ्यांनी तिची कातडी कांद्याच्या पापुद्र्यासारखी पातळ झाली होती, पण ताठा तसाच होता. वडील गेल्यावर ती आमच्याकडं राहायला आली. सिस्टरांचं आडनाव आणि त्यांच्या दारावरची बुद्धाची तसबीर बघितली तेव्हाच तिनं मनात काय ठरवायचं ते ठरवलं होतं. सिस्टर आमच्याकडं आल्या तर अक्का नीट बोलायची, "बसा सिस्टर" म्हणायची. पण सिस्टरांनी चहाला बोलावलं की अक्काला हमखास उपास असायचा. सोमवार, गुरुवार, चतुर्थी, काही नसलं तर पित्त. सिस्टरांना ते कळत होतं, आम्हाला कळत होतं, आणि कुणीच काही बोलत नव्हतं.

एका दुपारी अक्काच्या पोटात एकाएकी असह्य दुखायला लागलं. आतड्याला भोक पडलं होतं. सरकारी दवाखान्यात तातडीनं ऑपरेशन झालं. सर्जननी लहान आतड्याचं टोक पोटाच्या उजव्या बाजूनं बाहेर काढून ठेवलं. सांगितलं, काही महिन्यांनी ते परत आत जोडू. तोवर मळ तिथूनच बाहेर येणार, आणि त्यावर एक बॅग चिकटवून ठेवायची. दवाखान्यात नर्सनी आम्हाला सगळं दाखवलं. आम्ही माना डोलावल्या. घरी आलो आणि दुसऱ्याच दिवशी बॅग सुटली.

ज्यांनी हे बघितलं नाही त्यांना त्याची भीती सांगून कळायची नाही. पोटातला पाचक रस कातडीवर आला की तिला खातो. कातडी लाल होते, मग ओली होते, आणि ओल्या कातडीला बॅग चिकटत नाही. बॅग चिकटत नाही म्हणून आणखी रस वाहतो. बदलताना बॅगेची जुनी चिकट चकती ओढली की अक्काच्या असल्या कातडीचा पापुद्राच तिच्याबरोबर यायचा. अक्का ओरडायची नाही. दातात पदर धरायची. मी हातमोजे घालून उभा, माधुरीच्या हातात नवी बॅग, आणि दोघांनाही वाटायचं की आता आपल्या हातून हे माणूसच सोलून निघेल. तिसऱ्या दिवशी सकाळपासून दुपारपर्यंत बॅग कितीदा बदलली ते आठवत नाही. शेवटी माधुरी रडायला लागली. मी दार उघडून समोरच्या दाराशी गेलो आणि आवाज दिला.

सिस्टर लगेच आल्या, पण आमच्या उंबऱ्यावर थांबल्या. आत आल्या नाहीत. हळू आवाजात म्हणाल्या, "संतोष, मी हात लावलेला अक्कांना चालंल का? आधी विचार. नसंल चालत तर मी इथून सांगते, तुम्ही करा."

आतून अक्काचा आवाज आला, "या म्हणावं. आता कसलं चालतंय आन् न चालतंय."

सिस्टर आत आल्या, हात धुतले, मोजे चढवले आणि अक्काच्या पोटाकडं बघितलं. त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग उतरलेला मी पाहिला. मी ज्या माणसाच्या भरवशावर उभा होतो तेच माणूस भ्यालं होतं.

"लई सोललंय," त्या म्हणाल्या. "मला भ्या वाटतंय अक्का. म्हणून मी सावकाश करणार. तुम्ही मला घाई करायची नाय आणि यांनीबी नाय."

मग त्यांनी खरंच इतकं सावकाश केलं की पंख्याचा आवाजसुद्धा मोठा वाटायला लागला. चकतीच्या वरच्या कडेला कोमट पाण्यात भिजवलेलं मऊ फडकं धरलं. एका हाताच्या बोटांनी कातडी खाली दाबत गेल्या, आणि दुसरा हात चकतीला नुसता धरून ठेवला. "बॅग ओढायची नसते," त्या माझ्याकडं न बघता बोलत होत्या. "बॅग तिथंच धरायची आणि तिच्यापासून कातडी सोडवायची. लहान लेकराला झोपेत अंगावरून उतरवून ठेवतो ना, तसं." चकती निघाली. अक्काच्या तोंडातला पदर तसाच होता, पण तिनं तो चावलेला नव्हता.

जखम त्यांनी पुसली नाही, टिपली. सोललेल्या जागी दवाखान्यातून बॅगेबरोबर दिलेली पावडर भुरभुरली, जास्तीची झटकली. मग पर्समधून एक पुडी काढली. मी विचारलं, हे काय?

"बॅरियर फिल्म म्हणतात. पाण्यासारखं असतं, लावलं की वाळून वर पातळ पडदा होतो. दिसतबी नाय. मग चिकट जे काय लागतं ते त्या पडद्याला लागतं, कातडीला नाय. बॅग काढताना निघायचंच असलं तर तो पडदा निघंल. आणि वरून ओल आली तर ती आत जात नाय."

"झोंबंल का?" अक्कानं विचारलं.

"यात स्पिरिट नाय. सोललेल्या कातडीला स्पिरिटवालं लावलं तर माणूस छताला जाऊन लागंल. हे मी काल स्वतःला लावून बघितलंय." त्यांनी मोज्याची कड खाली सरकवून दाखवली. मनगटाच्या आत एक चकचकीत चौकोन होता, वार्निश मारल्यासारखा.

मी चमकलो. "काल? सिस्टर, मी तर तुम्हाला आत्ता बोलावलं."

त्या जराशा ओशाळल्या. "भिंतीतून ऐकू येत होतं रे. म्हटलं बोलावलं तर असावं. कालच दुकानातून आणलं. नवीन काही असलं की मी आधी स्वतःला लावते. दुसऱ्याच्या अंगावर पहिल्यांदा काही लावायचं म्हणजे मला धडकी भरते."

फिल्म लावली, वाळू दिली, पुन्हा पावडर, पुन्हा फिल्म. वाळेपर्यंत त्या घडी घातलेल्या वर्तमानपत्रानं वारा घालत होत्या आणि ओठातल्या ओठात काहीतरी म्हणत होत्या. मग बॅग लावली आणि तिच्यावर तळहात ठेवून बसून राहिल्या. "हाताच्या उबेनं नीट बसती," म्हणाल्या. माझी आई, जी या बाईच्या घरचं पाणी पीत नव्हती, डोळे मिटून पडली होती आणि त्या बाईचा हात तिच्या उघड्या पोटावर होता.

ती बॅग दुसऱ्या दिवसापर्यंत टिकली.

नंतर दवाखान्यातल्या सर्जनना मी हे सांगितलं तेव्हा ते हसले. "खंडागळे सिस्टर? राउंडला आम्हाला खोळंबून ठेवायच्या. एखाद्या म्हाताऱ्याची नुसती सलाईनची चिकटपट्टी काढायची असायची. आम्ही घाई केली की म्हणायच्या, साहेब, माझ्यावर रागवा, पण हे हळू सुटू द्या. तुम्हीही ती फिल्मच लावत जा, बरोबर आहे त्यांचं."

सिस्टर रोज यायला लागल्या. आठवडाभरात लाली उतरली. पण अक्काच्या मनातली भीती काही उतरत नव्हती. तिला झोपेत कूस बदलायला भ्या वाटायचं, खोकायला भ्या वाटायचं. दारावर कुणी आलं की ती पोटावर दोन्ही हात ठेवायची. काही वास येतोय का, असं ती माधुरीला दिवसातून दहादा विचारायची. तिच्या भीतीला बोलायला सिस्टर बऱ्या सापडल्या. दोघी तास तास बसायच्या. अक्का एक भीती सांगायची, सिस्टर त्यांची एक सांगायच्या. एका पेशंटची बॅग लग्नाच्या पंगतीत सुटली होती, तिथून त्यांची गाडी सुरू व्हायची. दोघी एकमेकींना घाबरवत होत्या असं माधुरी म्हणायची. पण अक्का दुपारची झोपायला लागली होती.

अशाच एका दिवशी बॅग बदलून झाल्यावर माधुरी चहा घेऊन आली. अक्का म्हणाली, "घ्या सिस्टर, च्या घ्या."

सिस्टरांनी कप हातात घेतला. पण तोंडाला लावला नाही. "अक्का," त्या म्हणाल्या, "मी तुमच्या घरी चहा घेते. तुम्ही माझ्या घरी कधी घेतला नाय. इतक्या वर्षांत एकदाबी नाय. मला कळत नाय असं नाय. बोलायला भ्या वाटत होतं, म्हणून बोलले नाय."

अक्कानं तोंड भिंतीकडं वळवलं. सिस्टरांनी कप तसाच खाली ठेवला, पर्स उचलली आणि निघून गेल्या. त्यांच्या दाराची कडी लागली, पुन्हा काढून पुन्हा लागली.

दुसऱ्या दिवशी त्या आल्या नाहीत. मी गेलो तर दार उघडलं नाही. आतून म्हणाल्या, "मला बरं वाटत नाय रे." त्या भ्याल्या होत्या, आपण बोललो त्याला. अक्कालाही मी काही बोलू शकलो नाही. आम्हीच बॅग बदलली, आम्हाला जमेल तशी. फिल्म लावली, पण नीट वाळू दिली नाही बहुतेक. संध्याकाळी कडेनं गळायला लागलं. पुढच्या दिवशी कातडी पुन्हा लाल झाली. मग अचानक गळणं कमी झालं, बॅगेत फारसं काही येईना. मला वाटलं, चला, सुधारतंय. अक्का निपचित पडून होती. विचारलं तर म्हणायची, "बरी हाय मी."

त्या दुपारी दारातून आवाज आला, "माधुरी." सिस्टर होत्या. डोळे सुजलेले. "राहवलं नाय. बघू दे मला."

त्यांनी बॅग बघितली, रिकामी. अक्काची जीभ बघितली. नाडी धरली. मग विचारलं, "अक्का, पाणी पिता का?"

"पिते की."

"माझ्याकडं बघून सांगा."

अक्कानं पदर पोटावर ओढला आणि म्हणाली, "खाल्लं-प्यालं की येतंय भायेर. कातडी जळती. नाय खाल्लं तर नाय येत. म्हणून थोडं थोडंच घेते."

"किती थोडं?"

सिस्टरांनी वाकून बघितलं. पलंगाखाली तांब्या होता. माधुरीनं सकाळी भरून ठेवलेला, तसाच भरलेला होता. ताटातलं जेवण अक्का खिडकीतून बाहेर चिमण्यांना टाकत होती, हे नंतर कळलं.

सिस्टर उठल्या. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता. "संतोष, रिक्षा आण."

"उद्या सकाळी सर्जनना दाखवू ना? आत्ता जाऊन..."

"उद्या नाय!" त्या इतक्या मोठ्यानं ओरडल्या की वरच्या मजल्यावरून कुणीतरी डोकावलं. त्यांचा असा आवाज आम्ही कधी ऐकला नव्हता. "मी भित्री हाय, व्हय ना? मग ऐका भित्रीचं. हिच्या अंगात पाणी नाय. आतडं असं बाहेर असल्यावर पाणी लवकर संपतं. किडनी बसंल. आण रिक्षा!"

रिक्षात अक्का मधे, तिच्या एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला सिस्टर. प्रत्येक खड्ड्याला सिस्टर अक्काच्या पोटावरची बॅग तळहातानं धरून ठेवत होत्या आणि दुसऱ्या हातानं रिक्षाच्या दांड्याला लटकल्या होत्या. "हळू रे बाबा. लवकर पण हळू," असं रिक्षावाल्याला सांगत होत्या. तो वैतागून म्हणाला, "मौसी, दोनों में से एक बोलो." अक्का मधेच बरळायला लागली. गंगापूरच्या मळ्यातल्या कुणाला तरी हाका मारत होती. मला त्या क्षणी पहिल्यांदा वाटलं की ही जातेय.

किडनीचे आकडे वाईट आले. डॉक्टर म्हणाले, आणखी एक दिवस गेला असता तर डायलिसिसवर टाकावं लागलं असतं, आणि या वयात पुढचं सांगता आलं नसतं. सलाईन सुरू झाली. सलाईनची पट्टी लावायला आलेल्या नर्सला सिस्टरांनी हात जोडले, "बाळा, आधी ही फिल्म लाव खाली, मग पट्टी. हिची कातडी कागद हाय." त्या मुलीनं ऐकलं. आठवडाभर अक्का तिथं होती आणि तिच्या हातावर एकही ओरखडा उठला नाही.

घरी आल्यावर दोन-चार दिवसांनी अक्का सकाळी अंघोळ करून बसली. माधुरीला म्हणाली, "लुगडं दे चांगलं. मला सिस्टरकडं जायचंय."

समोरचं दार म्हणजे अंतर ते काय. पण ऑपरेशननंतर अक्का आपल्या पायानं घराबाहेर पहिल्यांदाच पडत होती. एक हात पोटावर, दुसरा माझ्या खांद्यावर. तिला घाम फुटला होता. "तिथं सुटली तर रं?" ती पुन्हा पुन्हा विचारत होती. "दुसऱ्याच्या घरात? त्यापरीस नगं." अर्ध्यात थांबली. मी म्हटलं, परत जाऊ. ती म्हणाली, "नाय."

दार उघडलं आणि सिस्टर दोन पावलं मागं सरल्या, जणू पोलीस आलेत. "अक्का? काय झालं? काय दुखतंय?"

"काय नाय झालं. च्या पाजा."

सिस्टरांची ती धांदल मी कधी विसरणार नाही. साखरेचा डबा सापडेना, दूध उतू गेलं, गॅस बंद करून पुन्हा पेटवला. अक्का खुर्चीच्या अगदी कडेवर बसली होती, भिंतीवरच्या बुद्धाच्या आणि बाबासाहेबांच्या तसबिरींकडं बघत. चहा आला. अक्कानं कप उचलला, एक घोट घेतला, आणि खरोखरच बॅग सुटली. आवाज झाला, लुगड्यावर ओल पसरली, खुर्चीच्या गादीवर उतरली. अक्कानं कप ठेवला आणि लहान पोरीसारखी हमसून रडायला लागली. "म्हटलं व्हतं मी. म्हटलं व्हतं. तुमच्या घरात..."

सिस्टरांनी बाहेरच्या दाराला आतून कडी लावली, मला बाल्कनीत उभं राहायला सांगितलं. आत पाणी ओतल्याचा आवाज आला, मग कपाट उघडल्याचा. मी परत आत आलो तेव्हा अक्का सिस्टरांच्या निळ्या काठाच्या पांढऱ्या साडीत बसली होती. गादी धुवून उन्हात टाकलेली. अक्का नाकानं सूं सूं करत चहाचा दुसरा कप पीत होती. सिस्टर जमिनीवर बसून त्यांचा.

"माझीच चूक," सिस्टर म्हणाल्या. "घाम आला होता तुम्हाला. घामावर चकती धरत नाय. मी आधी येऊन बघायला पायजे होतं."

"तू कशाला येतीस," अक्का म्हणाली. "मला यायचं व्हतं."

त्या दिवसापासून ती सिस्टरांना वत्सला म्हणायला लागली. उपास कमी झाले असं म्हणणार नाही, पण समोरच्या घरी ते आडवे आले नाहीत. तिच्या मनातलं सगळं एका कपानं धुऊन निघालं असंही मी म्हणणार नाही. गावाकडचे पाहुणे आले की ती कुठं चहा पिते हे सांगत नव्हती. सिस्टरांनाही ते माहीत होतं.

काही महिन्यांनी आतडं परत आत जोडलं. ऑपरेशनच्या दिवशी सिस्टर सकाळपासून थिएटरबाहेरच्या बाकावर बसून होत्या. मी चहा आणला, त्यांनी घेतला नाही. सर्जन बाहेर येऊन हसले तेव्हा त्या उठल्या आणि सरळ बाथरूममध्ये जाऊन ओकल्या. बाहेर येऊन म्हणाल्या, "आता बरं वाटतंय."

त्यानंतरच्या हिवाळ्यात सिस्टर आजारी पडल्या. आधी नुसता ताप, मग दम. न्यूमोनिया निघाला. मुलगा पुण्याहून आला. त्यांना आयसीयूत ठेवलं, आणि एका सकाळी श्वासाची नळी घालावी लागली. मुलाचा फोन आला तेव्हा अक्का उठून चप्पल घालून दाराशी उभी राहिली.

आयसीयूत एका वेळी एकालाच सोडत होते. मी काचेतून बघत होतो. सिस्टर एवढ्याशा दिसत होत्या. तोंडात नळी, ती पट्टीनं गालाला चिकटवलेली. त्यांचे दोन्ही हात मोकळे होते आणि ते चादरीवर काहीतरी शोधत होते. डोळे उघडे, आणि त्या डोळ्यांत जी भीती होती ती मी आयुष्यात कुणाच्या डोळ्यांत पाहिलेली नाही. आजवर त्यांची प्रत्येक भीती बोलून बाहेर पडायची. आता तोंड बंद होतं.

नर्स त्यांना म्हणत होती, "आजी, घाबरू नका, घाबरू नका." मुलगा आदल्या दिवसापासून तेच म्हणत होता. मीही तेच म्हटलं असतं.

अक्का पलंगाजवळ गेली. दार अर्धवट उघडं होतं म्हणून मला ऐकू आलं. तिनं वाकून त्यांच्या कानाशी तोंड नेलं आणि आपल्या मळ्यातल्या आवाजात म्हणाली, "वत्सला, मी हाय. भी तू. खुशाल भी. मी इथंच बसते."

सिस्टरांचे शोधणारे हात थांबले. त्यांनी अक्काचं मनगट धरलं. नर्सनं स्टूल दिलं, अक्का त्यावर बसली. भेटीची वेळ संपली तरी कुणी तिला उठवलं नाही. मग नर्सनं पडदा ओढला. मला शेवटचं दिसलं ते एवढंच, की त्या दोन हातांतला कुठला हात कुणाचा हे लांबून ओळखू येत नव्हतं.

सिस्टर दुसऱ्या दिवशी गेल्या.

घरी आल्यावर माधुरीला अक्काच्या मनगटावर चार बोटांचे निळे-जांभळे वळ दिसले. तिच्या कातडीखाली रक्त साकळायला वेळ लागत नाही. माधुरीनं मलम आणलं. अक्कानं हात मागं घेतला.

"राहू दे," ती म्हणाली. "दुखत नाय."

वळ हळूहळू हिरवे झाले, मग पिवळे. अक्का रोज सकाळी खिडकीच्या उजेडात मनगट धरून बघायची. एका सकाळी तिथं काहीच उरलं नव्हतं, तरी तिनं बराच वेळ बघितलं, स्वेटरची बाही खाली ओढली आणि माधुरीला चहा टाकायला सांगितलं.